हात लावून पाहा

मंजुषा हळद विकते. इंझोरीची पोरगी. नवऱ्याचा मार खाऊन कंटाळली, आपल्या पायानं माहेरी आली, फारकत घेतली, अन् मालेगावच्या बाजारात माह्या बाजूले बसाले लागली. मी रुपाबाई, मिरच्या विकतो. माह्या शेजारी बसून कोणाचंच तोंड गोड राह्यत नाही, तिचंही राह्यलं नाही.

औंदा एसटीतल्या कंडक्टरले, संघदीपले, तिनंच इचारलं, "लगन करता काय माह्याशी?" तो लाजला, मंग हो म्हणला. आता त्याच्या मायचा, लिलाबाईचा, होकार तेवढा बाकी होता. मंजुषाच्या जिवाले घोर लागला होता.

त्यातच एक मोबाईलवाला पत्रकार आला. "ताई, पुरुषांच्या गर्दीत धंदा कसा करता?"

मंजुषा हासली. "माल चांगला हाय. हात लावून पाहा. पण भाव मीच ठरवीन. पटन तं घ्या, नाही तं पुढं व्हा."

त्या लेकाच्यानं व्हिडीओतून हळद कापली, भाव कापला. राह्यलं काय? मंजुषाचं हासू, "माल चांगला हाय, हात लावून पाहा," अन् मांगं चावट गाणं. वरून लिवलं, 'मालेगावची बोल्ड बाई'. हवेनं तिचा पदर हालला, तो तीनदा दाखवला. हळद एकदाही नाही.

पुढच्या बाजारी गर्दी लय झाली. हळद कोणी घेतली नाही. दोन बापे दात काढून म्हणे, "माल कोणता वं?" मी त्यायच्या तोंडासमोर मिरच्या पाखडल्या. खोकले बिचारे.

मंजुषा रडाले लागली. "रुपामावशी, आता कायचं लगन!"

अन् लिलाबाई समोर उभ्या. मांगं संघदीप, हातात रिकामी पिशी. मी म्हणलं, झालं, आटपलं.

लिलाबाई खाली बसल्या. हळकुंड मोडलं, रंग पाह्यला.

"तुहा व्हिडीओ पाह्यला मी."

मंजुषानं मान खाली घातली.

"अर्धाच हाय तो. उभी हयात वांगे विकले म्या. हात लावून पाहा म्हणल्यावर भाव बोलाच लागते. पुढं काय म्हणली होती तू?"

मंजुषानं डोळे पुसले. "भाव मीच ठरवीन. पटन तं घ्या, नाही तं पुढं व्हा."

लिलाबाईनं पोराकडं पाह्यलं. "काय रे, पटते?"

"पटते, माय."

"मंग उभा काहून? लगनाले हळद लागन, पिशी धर."