वेगळं अपील

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, टँकरवाल्यांनी संगनमत केलं, त्यात आजोबांचं नाव इंटरनेटवर आहे. खरं का?" तुम्ही अर्धंच वाचलंत. उरलेलं मी लिहिते. सांगायला आजोबा आता नाहीत.

शहर हर्सूलच्या पुढं सरकत होतं आणि तिथला तलाव आटला होता. नव्या वसाहतींना आपले टँकर पाणी पुरवत. सरकारी टेंडर निघालं की आजोबांसकट सगळे टँकरमालक आपापल्या दराची बंद पाकिटं एका वडीलधाऱ्या मालकाकडे देत आणि तोच ती कचेरीत टाकून येई. टँकर भरायला विहिरीवर लागलेला नंबर सोडून कचेरीत कोण जाणार? एका वर्षी सगळ्यांचे दर सारखे निघाले. दिल्लीच्या स्पर्धा आयोगानं सगळ्यांनाच संगनमताचे दोषी धरलं. तो शिक्का राहिला असता तर आजोबांना पुढचं सरकारी काम मिळालं नसतं.

तो वडीलधारा घरी आला. "वहिनी, समद्यांचं मिळून एकच अपील करू. वकीलबी एकच."

"पाकिटंही एकानंच नेली होती ना, भाऊजी?"

तो हसला. "लई इंग्रजी शिकल्यात वहिनी. घरच्यावरबी शक!"

आजोबा त्याच्याच बाजूचे. "आजवर संगं राहिलो, आता येगळं कसं पडायचं?"

तो गेल्यावर मी विचारलं, "अहो, दर आधी ठरला होता का?"

"ठरवायचं काय त्यात? डिझेल समद्यांला सारखंच."

हे उत्तर नव्हतं.

मी आयोगाचा आदेश पुन्हा वाचला. बाकीच्यांच्या मोबाईलवर दर कळवल्याचे मेसेज सापडले होते. आजोबांच्या मोबाईलवर एकही नव्हता. एकत्र अपिलात हा फरक बुडाला असता आणि त्या माणसाला तेच हवं असावं, असं मला वाटलं. मी हट्टानं वेगळा वकील दिला.

अपिलाच्या न्यायाधिकरणानं बाकीच्यांचं अपील फेटाळलं. आजोबांपुरता आदेश रद्द केला: केवळ पाकीट दुसऱ्यानं नेलं, एवढ्यानं संगनमत सिद्ध होत नाही. त्यानंतर विहिरीवर त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

एक गोष्ट मी वकिलालाही सांगितली नव्हती. आजोबांना मोबाईलवरचे मेसेज उघडताच येत नसत, आणि हे विहिरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. अशा माणसाला दर तोंडीच सांगितला जातो. सांगितला होता का, हे मी पुन्हा विचारलं; ते उठून टँकर धुवायला गेले.

त्या निकालाविरुद्ध वरच्या कोर्टात कुणी गेलं नाही. त्यामुळे आजोबांपुरता तो आजही कायम आहे.