तिला शुगर अकरा वर्षांपासून होती

आमच्या असोद्यात आजही कुणाला दवाखान्यात भरती करायची वेळ आली, की चहाच्या टपरीवर माझ्या बायकोचा विषय निघतो. धुळ्याला तिला कसलं तरी इंजेक्शन दिलं, त्यानं धडधाकट बाईला शुगर झाली आणि आठवड्यात ती गेली. ही गोष्ट गावात मी आणली. आधी मी सांगितली, मग भावकीने, मग सगळ्यांनी. ती खोटी आहे. तिला शुगर अकरा वर्षांपासून होती. शेवटची चार वर्षं ती रोज दोन वेळा पोटात इन्सुलिन टोचून घेत होती. तिने सुई हातात घेतली की मी खोलीबाहेर जात असे.

मी ग्रामसेवक होतो, पाचोरा तालुक्यात. आजार लपवू नका, तपासून घ्या, हे लोकांना सांगण्यात माझी अर्धी नोकरी गेली. घरी मात्र तिने पाहुण्यांसमोर चहा बिनसाखरेचा मागितला तरी मला राग यायचा. ‘पीट दवंडी,’ मी म्हणायचो. ती एकदाच बोलली. म्हणाली, ‘‘सुई मी टोचून घेते, अन् दुखते तुमाले.’’

मुलीचं लग्न जमवायला निघालो तेव्हा हे वाढलं. आईला शुगर म्हणजे उद्या मुलीला, परवा नातवंडांना, असा हिशेब आमच्याकडे लोक उघड करतात. मी स्वतः एक स्थळ याच कारणाने परत पाठवलं होतं. नरडाण्याची मंडळी बघायला आली, मुलगा तिथल्याच कारखान्यात नोकरीला. त्या सकाळी मी फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन पिशवीत घालून शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून आलो. होणाऱ्या व्याह्यांनी सहज विचारलं, ‘‘भाऊ, घरमा सगळं ठीक ना? काही दुखणंबिखणं?’’ मी म्हणालो, ‘‘देवाच्या कृपेने कुणाला काही नाही.’’ आत ती पुरणपोळ्या करत होती. तिने ऐकलं.

साखरपुड्याच्या जेवणात विहीणबाईंनी तिला आमरसाची वाटी पुढे केली. ती नको नको म्हणत होती. मग मीही आग्रह केला. सगळ्यांच्या देखत म्हणालो, ‘‘घे की, वर्षातून एकदाच येतो रस.’’ तिने माझ्याकडे बघत दोन वाट्या संपवल्या. मला बरं वाटलं होतं. तेवढं लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करू नये.

लग्न कोरोनामुळे लांबलं. दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही एकाच दिवशी तापाने पडलो. मला खोकला, अंगदुखी. तिला तिसऱ्या दिवशी धाप लागली. जळगावला जागा मिळेना. व्याह्यांनी ओळखीने धुळ्याच्या एका खाजगी दवाखान्यात दोन बेड मिळवले. फोनवर म्हणाले, ‘‘निघा भाऊ, बेड भेटी गया. मी दवाखानामाच थांबस.’’ निघताना मुलगी इन्सुलिनची पिशवी बर्फात घालून गाडीत द्यायला आली. मी ती परत तिच्या हातात दिली. ‘‘तिथं सगळं देतात,’’ म्हणालो.

व्याही खरोखरच दारात उभे होते, तोंडाला दोन मास्क बांधून. ज्या काळात सख्खे भाऊ लांब थांबत होते त्या काळात हा माणूस माझ्या बायकोची चाकाची खुर्ची ढकलत होता. काउंटरवर एक सिस्टर होती, माझ्या मुलीएवढी. तिने विचारलं, ‘‘शुगर, बीपी, दमा, काही?’’

व्याही माझ्या खांद्याशी होते. मी म्हणालो, ‘‘काही नाही.’’

तेव्हा बायकोने मान हलवली. बोलता येत नव्हतं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तिने लुगड्यावरूनच पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सिस्टरकडे पाहिलं. सुई घेताना ती तशीच धरायची. सिस्टर वाकली. ‘‘काय होतंय मावशी? पोट दुखतंय?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो, ‘‘दोन दिवस पोटात अन्न नाही तिच्या.’’

तिने चिमटी सोडली.

पुरुष-बायका वेगळं करायला तेव्हा जागा नव्हती. एकाच हॉलमध्ये तिचा बेड भिंतीकडे, माझा तीन बेड सोडून. व्याही बाहेर गेले होते. सांगायला मला अडवणारं कुणी नव्हतं. पण दवाखान्यात फोन नंबर त्यांचा दिलेला, रोजची खबर त्यांना जाणार. आणि मी माझी एक समजूत करून घेतली होती: ती खातच नाही, तर शुगर वाढेल कुठून? चार दिवस सुई नसली तर काय बिघडतं? पहिल्या दिवशीची शुगर थोडीच वाढलेली आली, कारण सकाळी घरी तिने सुई घेतली होती. आजारात असं होतं, म्हणून कुणी फार लक्ष दिलं नाही. लक्ष द्यावं असं मी काही सांगितलंच नव्हतं.

आम्हाला दोघांना औषधं एकच. तीच सलाईन, तेच स्टेरॉइडचं इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी मी उठून बसलो, पोहे खाल्ले. त्याच दिवशी ती हाक मारली तरी डोळे उघडेना. सिस्टरने तिच्या बोटातून रक्त काढून यंत्रावर लावलं. आकडाच उमटला नाही, इतकी शुगर वर गेली होती. धावपळ झाली. डॉक्टर माझ्या बेडशी आले. ‘‘काका, नीट आठवा. आधी शुगर होती?’’

‘‘कधीच नव्हती.’’

ते गेले. मग काउंटरवरच्या त्याच सिस्टरने इन्सुलिन द्यायला बायकोचं पोट उघडं केलं आणि थांबली. हात फिरवून बघितला. सरळ माझ्याकडे आली. आवाज न वाढवता म्हणाली, ‘‘बाबा, मावशींच्या पोटावर गाठी आहेत. वर्षानुवर्षं एकाच जागी सुई घेतली की होतात तशा. खोटं कशाला बोललात?’’

मी म्हणालो, ‘‘बाहेरच्यांना सांगू नका. मुलीचं लग्न आहे.’’

केसपेपरवर ते लिहिता लिहिता ती माझ्याकडे बघत होती. मी किळसवाणं काही बोललो असावं, तशी. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, तेही न रागावता. व्हायरस दोघांना सारखाच लागला. पण शुगर असलेलं शरीर त्याच्याशी नीट लढत नाही. आजारानेच शुगर आणखी चढते, जेवण असो वा नसो. वर स्टेरॉइडने ती उसळते. ‘‘स्टेरॉइड तरीही दिलं असतं,’’ ते म्हणाले, ‘‘पण पहिल्या दिवसापासून इन्सुलिन देऊन. आता उशीर झालाय. प्रयत्न करतो.’’

त्यांनी केले. सहाव्या दिवशी मला घरी सोडलं. आठव्या दिवशी ती गेली.

व्याही, माझे दोन पुतणे आणि मी दवाखान्याच्या अंगणात उभे होतो. कुणीतरी म्हणालं, तिची शुगर वाढली होती म्हणे. पुतण्या ओरडला, ‘‘शुगर होतीच कुठं काकूला? यायनी इंजेक्शन देऊन केली!’’ तेवढ्यात ती सिस्टर कागद द्यायला बाहेर आली. दोघांनी तिला दारातच घेरलं. तोंडाला येईल ते बोलले. एकाने तिच्या हाताला झटका दिला, कागद खाली पडले. तिचा आवाज फाटला. ‘‘पेशंटला आधीपासून शुगर होती! केसपेपरवर लिहिलंय. बाबांना विचारा!’’

सगळे माझ्याकडे वळले. व्याही जवळ आले. ‘‘भाऊ, व्हती का? खरं सांगा.’’

आत तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळत होते. आता लपवून वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, मुलीचं लग्न सोडून. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मला मुलीचं लग्नही आठवत नव्हतं. फक्त या चार माणसांसमोर खाली बघावं लागू नये, एवढंच वाटत होतं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘त्यांनी मागाहून लिहिलं असेल.’’

पुतण्यांनी तक्रारीचा अर्ज लिहिला. सही माझी. पंधरा दिवसांत त्या सिस्टरला कामावरून काढल्याचं कळलं. पुतण्याने ते मला पेढे वाटावेत तसं सांगितलं. मी ‘बरं झालं’ म्हणालो.

मुलीचं लग्न झालं. परवा तिचा नरडाण्याहून फोन आला. पाचवा महिना आहे, तपासणीत शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला होती का? मुलगी म्हणाली, ‘‘मी सांगितलं, आईची दवाखान्यात इंजेक्शनाने वाढली होती, तशी नव्हती.’’ तिला खरं माहीत होतं. अकरा वर्षं आईच्या गोळ्या आणि सुया तिनेच आणल्या होत्या. सासरी मी शिकवलेलंच ती बोलत होती, नवरा शेजारी बसलेला म्हणून. स्वतःच्या पोटातल्या बाळाचा जीव पणाला लावूनही.

दुसऱ्या दिवशी मी नरडाण्याला गेलो. व्याह्यांना आणि तिला समोर बसवून सगळं सांगितलं. चिमटीचंसुद्धा. ते तिला माहीत नव्हतं.

व्याह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘‘भाऊ, मनी माय सुईवर शे. मोठा भाऊ सुईवर शे. तुम्हले सांगं नव्हतं आम्हीन. लगन थोडंच मोडतं?’’ त्यांच्या घरीही आई आणि भाऊ इन्सुलिनवर होते, एवढं सांगून ते उठून आत गेले. मला चहा विचारला नाही.

मुलगी रडली नाही. तिने विचारलं, ‘‘नाना, त्या सिस्टरला सांगितलं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आधी माझ्याकडे कशाला आलात? मी माफ करीन म्हणून?’’

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि माझ्यासमोर खरं सांगितलं, एका वाक्यात. मग म्हणाली, ‘‘बाळंतपणाला मी तिकडे येणार नाही. तुम्हीही येऊ नका.’’

येताना धुळ्याला उतरलो. दवाखान्यात तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज दिला. काउंटरवरच्या माणसाने तो दोनदा वाचला. ती सिस्टर कुठे असते, त्याला माहीत नव्हतं. तिचं नाव तर मला तेव्हाही माहीत नव्हतं; तक्रारीच्या अर्जात मी ‘सदर परिचारिका’ असं लिहून घेतलं होतं.

म्हणून हे छापायला देतो आहे. असोद्यात कुणी वाचलं तर टपरीवर मोठ्याने वाचावं. त्या अंगणात ती एकटी खरं बोलली होती.