वर्नाची पहिली शिकार

वर्ना कुबियाकने जन्मभर हरणाचं मटण शिजवलं, पण हरणावर गोळी कधी झाडली नव्हती. विस्कॉन्सिनच्या त्या उत्तरेकडच्या मुलखात नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम उघडला की घरातले पुरुष नारिंगी जाकिटं चढवून रानात जायचे आणि वर्ना चुलीशी राहायची. मग गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण. टर्की असायचीच, पण कुबियाकांच्या टेबलावर मान हरणाचा. ज्याने ते मारलं त्याने जेवणाआधी उभं राहून आभार मानायचे, आधी देवाचे, मग हरणाचे. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत.

त्या वर्षी वसंतात तिचा नवरा एल्रॉय गेला. धाकटा दीर गॉर्डी गुडघ्याचं ऑपरेशन करून बसलेला.

"वहिनी, यंदा टर्कीवरच भागवू," तो म्हणाला.

"मी जाते."

"तुम्ही? दादाने तुम्हाला जाऊ दिलं असतं का?"

"नसतं. म्हणून तर इतकी वर्षं गेले नाही."

उन्हाळ्यात तिने गुपचूप शिकारीचा वर्गही केला होता. बाकी सगळी शाळकरी पोरं. तिला आजी म्हणायची आणि बंदुकीत गोळ्या भरायला मदत मागायची.

शनिवारी ती एल्रॉयच्या मचाणावर चढून बसली. थंडीने बोटं आखडली. उजाडल्यावर देवदारांतून एक दांडगा नर बाहेर आला, थबकला. वर्नाने श्वास रोखला आणि चाप ओढला. नर उसळला, धावत सुटला आणि कुंपणापलीकडे जाऊन कोसळला.

पलीकडची जमीन लेलँड प्रुइटची. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका हरणावरून त्याच्यात आणि एल्रॉयमध्ये वाजलं होतं. एल्रॉय न विचारता कुंपण ओलांडून गेला होता. तेव्हापासून प्रुइट आणि कुबियाक एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. वर्ना रस्त्याने वळसा घालून गेली आणि तिने त्याचं दार वाजवलं.

"कुबियाकांना कुंपण दिसत नाही, असा माझा समज होता," लेलँड म्हणाला.

"मला दिसलं. आत येऊ का, विचारायला आलेय."

 लेलँडने खुंटीवरचं जाकीट घेतलं, दोर घेतला. हरणापाशी पोचल्यावर वर्ना गुडघ्यांवर बसली. त्याच्या मानेवर हात ठेवताच तिला रडू आवरेना. लेलँड पाठ फिरवून उभा राहिला. तिचं आवरल्यावर त्याने सुरी काढली, पोट कुठून आणि किती चिरायचं ते दाखवलं आणि बाकीचं तिलाच करू दिलं.

दोर ओढता ओढता तो म्हणाला, "एल्रॉय गेल्याचं कळलं होतं. यायला हवं होतं मी."

"हो, हवं होतं," वर्ना म्हणाली. "आता गुरुवारी ये. दुपारी."

गुरुवारी लेलँड भोपळ्याचा केक घेऊन दारात उभा राहिला, तसं गॉर्डीने तोंड वाकडं केलं. "हा कशाला?"

"निम्मी वाट हरीण त्यानेच ओढलंय. तुमचा गुडघा आला असता का?"

सगळे टेबलाशी बसले. वर्ना उभी राहिली. घोकून ठेवलेलं सगळं विसरली. "देवा, आभार," ती म्हणाली. "हरणा, तुझेही. एल्रॉय, तुझं मचाण फार डुगडुगतं, पण बसायला जागा छान आहे." मग चटकन खाली बसून तिने मटणाचं ताट पुढे सरकवलं.

"जरा चिवट आहे," चावता चावता गॉर्डी म्हणाला.

"म्हातारा नर होता," लेलँड म्हणाला. एवढ्या वर्षांत ते दोघं पहिल्यांदाच एका बाजूला आले होते.

"मग चावा सावकाश," वर्ना म्हणाली, आणि तिने दोघांच्याही ताटात आणखी एकेक तुकडा वाढला.