हरिभाऊंचा पंप

दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत, ते फुकटच्या सॅम्पलच्या गोळ्यांसारखे आपोआप साठतात. माझ्याकडे तर चित्रांसकट साठलेत! नव्वदच्या दशकात वसईतल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी हृदयाचे पेशंट बघायचो. काय होतंय विचारलं की 'बरं आहे' यापलीकडे कुणी बोलायचं नाही. म्हणून मी हातात कागद आणि स्केचपेनं द्यायला लागलो. तुमचं हृदय आत्ता कसं दिसत असेल, ते काढा. सहकारी मला ड्रॉइंग मास्तर म्हणायचे. म्हणोत बापडे. ईसीजीत न दिसणारं बरंच काही त्या कागदावर दिसायचं.

*

एव्हरशाईन सिटीतले एक साहेब. मुंबईत नोकरी, अटॅक येऊन गेलेला. त्यांनी ग्रीटिंग कार्डावर असतो तसा गुळगुळीत लाल बदाम काढला. डाग नाही, ओरखडा नाही. "एकदम ओके!" म्हणाले. मला ते चित्र आवडलं नाही. गोळ्या चालू आहेत ना, विचारलं, तर बऱ्या माणसाने गोळ्या कशाला खायच्या, असा उलट सवाल. मी चिडलो, समजावलं, शेवटी हात जोडले. त्यांनी मान डोलावली.

पुढच्या खेपेला त्यांची बायको एकटीच आली. गोळ्या परत करायला. कुणा गरजूला द्या, म्हणाली. पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती.

*

राजोडीच्या एका कोळीण मावशींच्या हृदयाची झडप गळत होती. त्यांनी मासळीचं जाळं काढलं, मधोमध भलंमोठं भोक. घाबरतील म्हणून मी ऑपरेशनचा विषय आडून आडून काढत होतो. मावशी वैतागल्या. "फाटलंय ते तुमाला ठाव हाय ना? मंग शिवायला उशीर कशाला?"

ऑपरेशन झालं, मावशी बाजारात परत टोपली घेऊन बसल्या. माझ्या संग्रहात बघून बरं वाटावं असं हे एकच चित्र आहे.

*

आता गास गावचे हरिभाऊ. केळी आणि मोगऱ्याची वाडी. वाडीतलं तळं, म्हणजे बावखल, आणि त्यावरचा पंप, यातच जन्म गेलेला. मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायला गेलो. हरिभाऊ, हृदयाचा पंप कमजोर झालाय, पाणी कमी प्या.

काही दिवसांतच त्यांना धापा टाकत आणलं. पाय सुजलेले, छातीत पाणी. त्यांची बायको, आमच्या काकी, सांगू लागल्या की हे तांब्यामागून तांबे रिचवतात. मी भडकलोच. जरा सावरल्यावर त्यांना कागद दिला. हरिभाऊंनी कोरडं बावखल काढलं, त्यावर पंप, आणि पंपातून निघणारा धूर.

"कमजोर पंप कोरडा चालवला तर जळतो ना, डॉक्टर. म्हणून मी पानी जास्तच पीत होतो."

त्यानंतर पंप हा शब्द मी कुठल्याही पेशंटसमोर काढला नाही.

*

पुढे हरिभाऊंचं हृदय थकतच गेलं. औषधांच्या हातात फारसं काही उरलं नाही. मुलाने मला बाजूला घेऊन बजावलं, बाबांना सांगू नका, आईला तर नकोच. आपल्याकडे ही रीतच आहे. मीही हो म्हटलं, आणि दोघांसमोर 'सुधारणा आहे' म्हणत राहिलो.

एका सकाळी वॉर्डात हरिभाऊंनी आपणहून कागद मागितला. थांबत थांबत दुपारपर्यंत काढत होते. पुन्हा पंपच! पण या वेळी धूर नव्हता. बावखल काठोकाठ भरलेलं. पंपात तांब्याने पाणी ओतलं जातंय, शेजारी स्टार्टर, त्याच्या हिरव्या बटणावर बांगड्या घातलेला एक हात, आणि पाट मोगऱ्यापर्यंत वाहतोय. मला कोण आनंद झाला! हात आमच्या सिस्टरचा असणार. म्हणजे गड्याने उपचारांवर भरवसा टाकला! मी काकींना चित्र दाखवलं, म्हटलं, बघा, यांच्या मनाने कशी उभारी धरलीय.

काकी तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळल्या.

"ते हृदय नाय, डॉक्टर," हरिभाऊ म्हणाले. "वाडीतला पंप हाय. हिने आजवर बटनाला हात नाय लावला. आधी पानी भरायचं, मग हिरवं दाबायचं."

त्यांना धाप लागली. थोडं थांबून त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुमीच समजावा हिला. मी सांगायला बसलो की उठून जाते."