पाय उचलला की गाडी तिरकी

मिस्त्रीने तीस वर्षं गाड्यांचे आजार बसल्या जागी ओळखले. गाडी घेऊन एक चक्कर मारायची, परत यायचं आणि गेट उघडता उघडता सांगायचं: मागचा उजवा शॉकॲब गेलाय, किंवा स्प्रिंग दबलीय. त्याची बायको म्हणायची की यांची अक्कल डोक्यात नाही, सीटवर टेकते तिथे आहे. गिऱ्हाइकं हसायची आणि मिस्त्रीही हसायचा, कारण ते खरंच होतं.

मग कानाच्या आतल्या कसल्याशा दुखण्याने त्याचा तोल गेला. जरा वळण आलं की डोळ्यांपुढे सगळं गरगरायचं, शेजारच्या सीटवर बसलं तरी तेच. डॉक्टरांनी गाडी चालवणं कायमचं बंद केलं. मिस्त्री ब्रेक बदलायचा, ऑइल बदलायचा, हात होते तसेच चालत होते. पण ‘वळणावर गाडी कशीतरीच करते’ अशी तक्रार आली की तो दुसऱ्या गॅरेजचा पत्ता द्यायचा. चव गेलेल्या आचाऱ्यासारखं वाटतं, असं तो एकदा बायकोला म्हणाला, आणि त्यानंतर तो विषयच निघाला नाही.

दोन वर्षं अशी गेल्यावर एका सकाळी दातांच्या डॉक्टरबाई त्यांची जुनी, बुटकी, दोन दरवाजांची गाडी घेऊन आल्या. तरुणपणी हौसेने घेतलेली, पळायला अजूनही तेज. तीन गॅरेजं झाली होती. एकाने टायर बदलले, दुसऱ्याने शॉकॲब, तिसऱ्याने चाकांची अलाइनमेंट करून छापील कागद हातात ठेवला. त्यावर सगळे आकडे बिनचूक. तरी वळणावर गाडीचं बूड बाहेर फेकलं जायचंच. बाई शांतपणे म्हणाल्या की हे शेवटचं गॅरेज. इथेही नाही कळलं तर गाडी भंगारात देईन, कारण हा दोष लपवून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणं माझ्याच्याने होणार नाही.

मिस्त्रीने टायरची हवा पाहिली. मागचे दोन्ही कोपरे दाबून सोडले. गाडी एकदा वर आली आणि गप्प बसली, म्हणजे शॉकॲब ठणठणीत. गाडीखाली जाऊन चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला, म्हणजे आर्मला, टॉमीची पहार लावली, वरखाली हिसका देऊन पाहिला. काही हललं नाही. तो बाहेर आला, हात पुसले, आणि पत्ता सांगायला तोंड उघडणार इतक्यात पुढच्या खोलीतलं बायकोचं शिलाई मशीन थांबलं.

बायको दारात आली. गळ्यात टेप, बोटांना खडू. म्हणाली, “मी चालवून बघते.”

मिस्त्रीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ती गाडी शिकली होती. चालवायची बेताने, पण चांगली. मिस्त्री पटकन बोलून गेला, “तुला त्यातलं काय कळणार?” आणि लगेच त्याने जीभ चावली. तिने डॉक्टरबाईंकडे किल्लीसाठी हात पुढे केला.

गॅरेजजवळच्या गोदामांमागे रुंद, मोकळा रस्ता होता, त्याला एक लांब वळण. मिस्त्री कडेला उभा राहून मागच्या चाकाकडे टक लावून होता. बायकोने चार फेऱ्या मारल्या. उतरल्यावर त्याने विचारायला सुरुवात केली: बूड आधी सुटतं की पुढची चाकं? धक्का येतो का? ती वैतागली. म्हणाली, तुमच्या शब्दांत विचारू नका, मला माझ्या शब्दांत सांगू द्या.

“तिरक्या धाग्यावर कापलेलं कापड कसं असतं,” ती म्हणाली, “टेबलावर ठेवलं की सरळ दिसतं, आणि अंगावर ओढ बसली की एका बाजूला पळतं. ही गाडी तशी आहे. ॲक्सिलरेटरवर पाय दाबलेला असेल तोवर नीट. उजव्या वळणावर पाय उचलला, की मागची डावी बाजू तिरकी पळते. परत दाबला, की जागेवर येते. डावीकडे वळताना असं होत नाही.”

कागदावरचे आकडे का बिनचूक होते ते मिस्त्रीला उमगलं: ते उभ्या गाडीचे होते. आणि आपण टॉमी वरखाली लावली होती. ओढ बसत होती पुढेमागे.

गॅरेजमध्ये त्याने दोन स्टँड लावून चाकाचं अंतर मोजायला गाडीच्या बाजूने सरळ दोरी ताणली, मागच्या चाकांना बसणारा हँडब्रेक ओढला आणि स्वतः पट्टी घेऊन चाकापाशी आडवा झाला, मान अजिबात न हलवता. बायको आणि दातांच्या डॉक्टरबाई, दोघींनी मिळून गाडी आधी मागून पुढे रेटली, मग पुढून मागे. उजवं चाक होतं तिथेच राहिलं. डाव्या चाकाची पुढची कड चार मिलिमीटर बाहेर आली. त्याने तिघांच्या समाधानासाठी पुन्हा मोजलं. चारच.

आर्म काढल्यावर त्याच्या सांध्यातलं रबरी बुश हातात आलं. बाहेरून नवं वाटावं असं, आणि आत रबर लोखंडी नळीपासून पूर्ण सुटलेलं. डॉक्टरबाईंनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या की असे दात रोज बघते मी, वरून पांढरे आणि आत पोकळ.

जोडीने दोन्ही बाजूंची बुश मागवली. पाच दिवसांनी गाडी तयार झाली. आधी बायकोने वळण घेतलं, पाय उचलला, गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. मग डॉक्टरबाई स्वतः बसल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. त्यांनी आधी बायकोचा हात हातात घेतला, मग मिस्त्रीचा.

त्या संध्याकाळी बायको शाळेच्या गणवेशांना काज करत बसली होती. मिस्त्री स्टूल ओढून शेजारी बसला. मग म्हणाला, “त्या दिवशी जे बोललो ते चुकलं माझं. आणि तू गाडी शिकलीस त्याबद्दलही कधी काही बोललो नाही. माझ्यासाठी शिकलीस. आज माझं काम मला परत दिलंस.”

तिने सुई थांबवली, त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि ताप नाही ना, असं विचारलं. पण हात लगेच काढला नाही.

पुढच्या आठवड्यात एक टॅक्सीवाला आला. गाडी खड्ड्यानंतर डोलत राहते म्हणाला. मिस्त्रीने पत्ता दिला नाही. त्याने आत हाक मारली, “अगं, जरा येतेस का?” आतून उत्तर आलं की एवढी बाही जोडून होऊ दे. मिस्त्रीने टॅक्सीवाल्याला खुर्ची दिली आणि म्हणाला, थांबा थोडं, बाई येतायत.