पडण्याची जागा

दामू कऱ्हाळे पडला तेव्हा मंगळवारचे सकाळचे अकरा वाजले होते. फरीदाबादच्या एका नव्या टॉवरचा दुसरा मजला, स्लॅबसाठी फळ्या ठोकायचं काम, आणि खालचा टेकू सुटलेली एक फळी. पडायला वेळ लागत नाही. तो कुठं पडला, हे कागदावर यायला मात्र तेरा दिवस लागले.

दामू हिंगोलीकडचा. अकरा वर्षांत त्यानं दिल्लीच्या आसपास इतक्या स्लॅबांचे साचे उभे केले, की त्यांच्याखाली एक तालुका झोपावा. काँक्रीट वाळलं की साचा काढून टाकतात. साचा ठोकणाऱ्याची खूण राहत नाही. त्याची त्याला तक्रार नव्हती. साइटवर हिंदी, बाजारात हिंदी. मराठी उरली होती ती बायकोशी, सरलाशी, भांडण्यापुरती.

म्हणून पुण्याचे इंजिनिअर पुष्कर साहेब त्याच्यावर वाकून मराठीत बोलले, तेव्हा त्या कळांमध्येही त्याला बरं वाटलं. अँब्युलन्स कुणी बोलावली नाही. साहेबांनी त्याला आपल्या गाडीत घातलं आणि सिमेंटचे ट्रक येतात त्या मागच्या फाटकानं बाहेर काढलं.

"दामूदादा, आपल्या माणसाचं ऐका. बाइकवरून पडलो म्हणायचं. साइटचं नाव घेतलंत की पोलिस येणार, काम बंद पडणार, सगळ्यांच्या पोटावर पाय. तुमच्या उपचाराचं मी बघतो ना."

नर्सिंग होममध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि दामूनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "बाइक से गिरा." कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. आपल्या भाषेत मागितलं, त्यानं देऊन टाकलं.

डाव्या टाचेच्या हाडाचा चुरा झाला होता. सरलानं नर्सिंग होमचा कागद दोनदा वाचला.

"अहो, तुम्हाला सायकल येत नाही."

"नाही येत."

"आणि बाइकवरून पडलात?"

"साहेब म्हणाले..."

"मग प्लॅस्टरपण साहेबांनाच घालायचं होतं."

आठव्या दिवसापासून साहेबांचा फोन लागेना. टाचेचं ऑपरेशन करावं लागणार होतं. सरला साइटवर गेली, तर ठेकेदारानं मोबाइलमध्ये त्याच कागदाचा फोटो दाखवला. "बाइक से गिरा है, भाभीजी. हमने थोड़ी गिराया." आणि हसला.

त्यांच्या गल्लीच्या टोकाला नागपूरच्या हेमलताबाई राहतात. कारखान्यातल्या मशीननं त्यांची दोन बोटं खाल्ली, तेव्हापासून उरलेल्या आठांनी त्या कामगारांचे अर्ज लिहितात.

"रडायचं असेल तर नंतर," त्या घरी येऊन दामूला म्हणाल्या. "आधी दवाखान्यात जा. खरं काय झालं ते नव्यानं लिहून घे, आजची तारीख टाकून. जुन्या कागदावर खाडाखोड करायला लावू नको. मग चौकी. मग ठेकेदाराला आणि कंपनीला लेखी पत्र, पोच घेऊन. शेजारी कोण काम करत होतं त्यांची नावं आजच लिहून काढ, उद्या ती माणसं दुसऱ्या साइटवर जातील. मग कामगार कार्यालयात दावा. आणि कोऱ्या कागदावर सही कुणी कितीही गोड बोललं तरी करायची नाही."

"पण खोटं मीच सांगितलं ना बाई."

"मग खरंही तूच सांग. दुसरं कोण येणार आहे?"

तेराव्या दिवशी दामू वॉकर घेऊन, एक पाय अधांतरी ठेवत, नर्सिंग होममध्ये गेला. सरला मागे होती. काउंटरवरच्या माणसानं त्याचं म्हणणं ऐकलं आणि कुणाला तरी फोन केला. ज्यांचा फोन लागत नव्हता ते पुष्कर साहेब वीस मिनिटांत हजर.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी ते दामूच्या कानाला लागले. "दादा, काय करताय हे? कंपनीचे वकील उभे राहतील. पानिपत होईल तुमचं."

"जाऊन आलोय साहेब पानिपतला, मागच्या जानेवारीत. काला अंबला, मराठ्यांच्या स्मारकापाशी. हरलेल्यांची जागासुद्धा तिथं दगडावर लिहून ठेवलीय. मी तर कागदच मागतोय."

"अहो, आपण घरचे. बाहेर बसून बोलू..."

दामू मोठ्यानं म्हणाला, "साहब, अब हिंदी में बोलिए. डॉक्टर मैडम को भी समझना चाहिए."

मराठीत जे इतकं सहज येत होतं ते हिंदीत कुठून सुरू करावं, ते पुष्कर साहेबांना कळेना. कानात सांगायच्या गोष्टी चारचौघांत वेगळ्या ऐकू येतात.

डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर मागे चाळलं. "मरीज़ को लाने वाले आप ही थे न? साइन है आपका. कहाँ से लाए थे?"

साहेब चष्मा पुसत राहिले.

"साइट से," दामू म्हणाला. "टावर की दूसरी मंज़िल. मंगलवार, ग्यारह बजे. बाइक वाली बात मैंने झूठ कही थी. वो भी लिखिए."

"वो भी?"

"वो पहले लिखिए."

त्यांनी लिहिलं. दामूनं मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं. कंपाउंडर ऐकत होता, बाकावरच्या दोन बाया ऐकत होत्या, सरला ऐकत होती. पुष्कर साहेब कधी गेले ते कुणी पाहिलं नाही.

चौकी रस्त्यापलीकडे होती. हवालदारानं कागद वाचला, घड्याळ पाहिलं. "ठेकेदार से बात कर ले, भाई. क्यों पचड़े में पड़ता है?"

"पड़ चुका. अब आप लिखिए."

"टाइम लगेगा. उधर बैठ जा."

"बैठूँगा नहीं," दामू म्हणाला. घाम डोळ्यांत उतरत होता. "बैठे को आप लोग भूल जाते हैं."

सरलानं मागून त्याचा शर्ट घट्ट धरला. हवालदारानं एकदा त्याच्या पायाकडं पाहिलं, एकदा तोंडाकडं, आणि वही उघडली.

"नाम?"