रेतीचं विरजण

मला गोड आवडतं. जिलेबी, बालूशाही, पुरणपोळी, काही नसेल तर नुसता गूळ. तरी १९८६ ते १९९४ अशी आठ वर्षं मी आमच्या गावात, आदिलाबादजवळच्या तामसीत, चारचौघांत गोडाला हात लावला नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नात पंगतीत जिलेबी आली, तेव्हा मी पानावर हात आडवा धरला, कारण शेजारी आशाबाई बसली होती. घरी आल्यावर दार लावून पावशेर गूळ खाल्ला. हे सगळं भागीरथाबाईंच्या केकमुळे झालं असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. खरं तर ते माझ्या खोटेपणामुळे झालं, आणि आता या वयात ते सांगून टाकलेलं बरं.

भागीरथाबाई आमच्या गावच्या मराठी शाळेत मास्तरीण म्हणून आल्या. माहेर भीमपूरचं. त्यांचे आईवडील आमच्यासारख्या कापूसवाल्यांच्या शेतात मजुरीला जात. त्यांनी मुलीला मात्र शेतात पाऊल ठेवू दिलं नाही, शिकायला आदिलाबादला धाडली. नवरा मोतीराम, मंडलाच्या म्हणजे तालुक्याच्या कचेरीत कारकून. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकं. बाई कमालीच्या चिकट. एखाद्या पोराला सातचा पाढा येत नसला, तर त्या चाल बदलून बदलून तो म्हणून घ्यायच्या. पोरगं नापास होऊ शकतं, हे त्यांना कधी पटलंच नाही.

दर रविवारी दुपारी आम्ही तिघी त्यांच्या ओसरीवर स्वेटर विणायला शिकायला जायचो. जयवंताबाई वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठी. आशाबाई मधली. मी, रेणुका, सर्वांत धाकटी, पण सातवी पास. त्या दोघींना अक्षर येत नव्हतं, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. तामसीच्या मे महिन्यात तीन-तीन तास विणूनही आम्हाला त्या घरी कधी तहान लागायची नाही. का लागायची नाही ते आम्हा चौघींनाही ठाऊक होतं आणि चौघीही विणत राहायच्या.

एका रविवारी बाईंनी केक केला. शिकत असताना वसतिगृहातल्या एका तेलुगू नर्सबाईनं त्यांना तो शिकवला होता. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात चार बोटं रेती, रेतीवर कालवलेल्या मैद्याचा डबा, वर झाकण, झाकणावर निखारे. वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बाईंनी काप करून ताटली पुढे केली.

जयवंताबाई म्हणाली, "अंडं टाकलं का बाई याच्यात? आमच्या घरी अंडं चालत नाई."

तिच्या अंगणात नऊ कोंबड्या होत्या. त्या तिनं कशासाठी पाळल्या होत्या, देव जाणे.

आशाबाई म्हणाली, "आज माहा उपास हाय."

"रविवारचा?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"सूर्यनारायणाचा."

मग तिघी माझ्याकडे पाहायला लागल्या. काहीच सुचेना, म्हणून मी म्हणाले, "मले गोड चालत नाई."

"असं होय," भागीरथाबाई म्हणाल्या. आत गेल्या, शाळेची दोनशे पानी वही आणली आणि आमच्यासमोर लिहून घेतलं: कोणाला काय आवडतं, काय आवडत नाही. तिघींची नावं, तीन रकाने. वही मिटताना हसून म्हणाल्या, "तुमी तिघी माह्या ओसरीवर बसून एक-एक घास खासान, तवा मी निवांत होईन. मले बाकी काई नाई पाह्यजे."

पुढच्या रविवारी केक अंड्याशिवायचा होता, दह्यातला. जयवंताबाईचे सांधे दह्यानं धरायला लागले. त्याच्या पुढच्या खेपेला दुधातला. दुधानं तिला कफ झाला. मग तिनं सांगितलं की निखाऱ्यावर भाजलेलं एकूणच तिला उष्ण पडतं. बाईंनी केक ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर रांजणाजवळ ठेवला. तो थंडगार, लिबलिबीत केक पाहून जयवंताबाई म्हणाली, "आता थंड झाला. थंडानं माहे दात कळते."

आशाबाईसाठी भगरीचा केक झाला, शेंगदाण्याचं कूट घालून, शुद्ध उपासाचा. आशाबाईनं तो दिवस निर्जळी असल्याचं जाहीर केलं. मग बाईंनी उपासांचे वार वहीत मांडले आणि जो वार मोकळा दिसेल त्या वारी केक करायला सुरुवात केली. ती बिचारी तो वारही धरायची. आठवड्यातून चार उपास होऊन तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. तिचा नवरा अमृतराव हवालदिल होऊन माझ्या नवऱ्याला विचारत होता, "हिनं कोणत्या देवाले एवढा मोठा नवस बोलला, काई समजून नाई राह्यलं."

माझ्यासाठी तिखटमिठाचा केक झाला. ओवा, जिरं, वर लसणाची चटणी. मी म्हणाले, डाक्तरनं मीठ बंद केलं. तेव्हापासून आशाबाई घरी आली की मला अळणी वरण खावं लागे. ती तिकडे उपाशी, मी इकडे अळणी, आणि आम्ही दोघी एकमेकींवर पहारा ठेवून होतो. वहीत मात्र दर वेळी एक ओळ खोडली जायची आणि बाई नवी कृती शोधायच्या.

आता आमचा निर्लज्जपणा ऐका. बाईंच्या हातचा केक नको होता. कृती हवी होती. कृती कागदावर असते, कागदाला कसला आलाय विटाळ! मी वहीतून मोठ्यानं वाचायची, त्या दोघी पाठ करायच्या, मी उतरून घ्यायची. घरी जाऊन तिघींनी केले, तर माझा भाकरीसारखा चपटा आणि आशाबाईचा मधे कच्चा. जयवंताबाईनं रेतीऐवजी शेतातली काळी माती घातली होती. तिच्या केकला पेरणीचा वास आला.

जयवंताबाईनं दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला. "आपण विरजण नाई टाकलं."

"कशात?"

"रेतीत. नव्या रेतीत जुनी रेती नाई टाकली, तं केक फुगन कसा?"

मला हे पटलं. सातवी पास असून पटलं. तिघी वाट्या घेऊन भागीरथाबाईंकडे गेलो. त्यांच्याकडे माहेराहून आणलेली पैनगंगेची रेती होती, धुतलेली, चाळलेली, भाजून भाजून काळी झालेली. त्यांनी कपाळाला हात लावला. "अवं, रेती नुसती कोरडी पाह्यजे. तिच्यात काई जीव नसते."

"जीव नाई तं तुमचा केक फुगते काऊन?" जयवंताबाईनं विचारलं.

बाई हसल्या आणि वाट्या भरून दिल्या. वाट्या घ्यायला काही हरकत नव्हती. रेती विस्तवात तापलेली, तिला विटाळ नाही, हाही निकाल जयवंताबाईचाच. नव्या रेतीत त्यातली मूठभर कालवली, तिच्याच सांगण्यावरून तीन दिवस उन्हात ठेवली, आणि केक फुगला. उन्हानं फुगला असणार. पण तामसीत त्यावर वाद उरला नाही.

मग दह्याच्या विरजणाचे सगळे नियम रेतीला लागले. दिवेलागणीनंतर द्यायची नाही. दिवसा कुणी मागितली, तर नाही म्हणायचं नाही. दही जसं शेवटी ज्या घरचं विरजण त्या घरचंच लागतं, तशी केकची चवही रेती जिथली तिथली, असं जयवंताबाई घरोघर सांगत फिरली. कुणाचा केक बसला, तर बाया विचारायच्या, "कोणाची रेती?" रेती मोडली असं ठरलं, तर ती फेकून नवी मूठ मागायला यायच्या. बघता बघता पाच-सहा खेड्यांत ती रेती पोचली.

जयवंताबाई एकदा लेकीसाठी डबाभर रेती घेऊन आदिलाबादच्या बसमध्ये चढली. मी सोबत होते. कंडक्टर तेलुगू. त्यानं विचारलं, "अम्मा, इसमें क्या है?"

"विरजण."

त्यानं झाकण उघडून पाहिलं. "ये तो रेती है."

"हाव. विरजण. सांडू नोका."

त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं, झाकण नीट लावलं आणि डबा ड्रायव्हरच्या मागे, जिथे धक्के कमी बसतात तिथे, स्वतः नेऊन ठेवला. उतरताना आठवणीनं परतही दिला.

अशी आठ वर्षं गेली. १९९४ च्या जूनमध्ये भागीरथाबाईंची बदली बासरकडे झाली. शेवटच्या रविवारी आम्ही गेलो. सामान बांधलेलं होतं, बैलगाडी सांगितलेली होती. ओसरीवर ताटलीत केक होता. त्यात अंडं नव्हतं, दही नव्हतं, दूध नव्हतं, मैदा नव्हता, साखर आणि मीठही नव्हतं. आठ वर्षांत आम्ही नको म्हटलेलं सगळं वजा करून जे उरलं, त्याचा तो केक होता. शिंगाड्याचं पीठ, पाणी आणि चिमूटभर सोडा. रंग शाळेच्या भिंतीसारखा. तो गरम नव्हता, थंडही नव्हता. बाई ताटलीशेजारी बसून आमच्याकडे पाहत होत्या, आणि त्या दिवशी त्या हसत नव्हत्या.

जयवंताबाई म्हणाली, "आमी जेवून आलो, बाई. कृती तेवढी घेतो. वाच वं रेणुका."

मी वही घेतली आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचत सुटले. "शिंगाड्याचं पीठ दोन वाट्या. कोमट पाणी एक वाटी." पान उलटलं. ते चुकून तीन रकान्यांचं पान निघालं. वाचण्याच्या भरात मी थांबले नाही. "आवडत नाही. जयवंताबाई: अंडं, खोडलं. दही, खोडलं. दूध, खोडलं. आशाबाई: मैदा, खोडलं. रेणुका: साखर, खोडलं. मीठ, खोडलं." तिन्ही रकान्यांच्या तळाशी तीच एक ओळ होती, न खोडलेली. शाई जुनी होती, पहिल्या वर्षाची. ती ओळही मी वाचली. "माझ्या घरचं."

आशाबाईच्या हातातली सुई खाली पडली.

"पुढचं वाच, रेणुका," भागीरथाबाई म्हणाल्या. "सोडा किती ते राह्यलं."

"बाई, तुमाले पह्यल्यापासून ठाऊक होतं?"

"मास्तरीण हावो मी. कोण्या पोराचं पोट खरंच दुखते, मले समजत नाई का? म्हटलं, पाहू. कवातरी बहाणे सरतीन."

मला इतकी लाज आजवर कशाची वाटली नाही. मी ताटली ओढली आणि मोठा तुकडा तोंडात घातला. तो ना चावे, ना गिळवे. तो केक आम्हीच घडवला होता, आठ वर्षं खपून. डोळ्यांत पाणी आलं, तसंच चावत म्हणाले, "बाई, याच्यात साखर काऊन नाई टाकली?"

"तुले चालत नाई म्हून."

"मले गोड लय आवडते."

बाईंनी बांधलेल्या सामानातून साखरेचा डबा सोडला आणि माझ्या ताटलीत मूठभर साखर टाकली. आशाबाई केव्हा खायला लागली ते मला दिसलंच नाही. ती तर आठ वर्षांची भुकेली होती.

जयवंताबाई मात्र उठली. पायरीपर्यंत गेली, परतली, आणि पदराखालून वाटी काढली. "बाई, तुमी तं चालल्या. एक वाटी रेती देऊन ठेवा."

बाईंनी पातेल्यातली रेती वाटीत भरली. हातात देताना म्हणाल्या, "न्या. पन जयवंताबाई, तुमीच तं साऱ्या गावाले सांगतलं, केक शेवटी रेती ज्या घरची त्याच घरचा. मंग आठ वर्स तुमी कोणाच्या घरचं खाल्लं?"

जयवंताबाई वाटी धरून उभी राहिली. आपला निकाल खोटा म्हणावा, तर पाच-सहा खेड्यांत तोंड दाखवायची सोय नाही. खरा म्हणावा, तर बाटून आठ वर्षं झाली. गाडीवानानं बाहेरून दोनदा हाक मारली. मग ती खाली बसली, वाटी शेजारी ठेवली आणि हात पुढे केला.

तुकडा तिनं पुष्कळ वेळ चघळला. भागीरथाबाई तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. शेवटी गिळला, तोंड पुसलं, आणि नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "बाई, याच्यात अंडं पाह्यजे होतं."